लाल फुलाचा पाव डॉलर आणि त्याची भावंडे: कॅनडाच्या रंगीत नाण्यांचे परीक्षण

परीक्षण बहुधा पैसे मोजून आणलेल्या वस्तूचे करतात. येथे परीक्षण पैशाचेच आहे. रॉयल कॅनेडियन मिंट या कॅनडाच्या सरकारी टांकसाळीने २००४ पासून चलनात आणलेली रंगीत स्मारक नाणी मी कॅनडातल्या मिसिसागा शहरात राहून गेली पंधरा-सोळा वर्षे सुट्या पैशांतून वेचत आलो आहे. त्यांतली काही मी टांकसाळीकडून पाकीटबंद अवस्थेत विकत घेतली आणि एकदा हौसेपायी चांगला फसलोही. एकाच वर्षाच्या, एकाच चित्राच्या दोन नाण्यांचा रंग सारखा का दिसत नाही, हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेला आहे, आणि त्याची इतकी चुकीची उत्तरे मी ऐकली आहेत (काही मीही दिली आहेत), की आता ते एकदा सविस्तर लिहून ठेवणे बरे.

सुरुवात २००४ च्या पाव डॉलरपासून करावी लागते, कारण चलनात आलेले ते जगातले पहिले रंगीत नाणे होय. मेपलच्या पानाच्या मध्यावर पॉपीचे लाल फूल, खाली इंग्रजी आणि फ्रेंच या दोन्ही भाषांत ‘आठवण ठेवा’ अशा अर्थाचे शब्द, आणि दर्शनी बाजूस राणी एलिझाबेथ यांची सुझॅना ब्लंट यांनी घडवलेली मुद्रा, अशी त्याची रचना आहे. युद्धांत प्राण दिलेल्या सुमारे १,१७,००० कॅनेडियन सैनिकांच्या स्मरणार्थ ते काढले गेले. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये टिम हॉर्टन्सच्या कॉफीच्या दुकानांतून सुटे परत देताना ते लोकांच्या हाती पडू लागले आणि एकूण सुमारे ३ कोटी नाणी निघाली. ही शेवटची संख्या लक्षात ठेवावी, कारण या नाण्याला ‘दुर्मीळ’ म्हणणारा विक्रेता एक तर अजाण असतो किंवा आपल्याला अजाण समजत असतो.

विषयाची निवड मला अचूक वाटते. ११ नोव्हेंबरच्या स्मरणदिनाआधी पंधरवडाभर येथे जो तो कोटावर पॉपीचे लाल फूल लावून हिंडतो. ही फुले रॉयल कॅनेडियन लीजन ही माजी सैनिकांची संघटना वाटते आणि त्यांच्या मागची साधी टाचणी इतकी निसरडी असते, की घरी पोहोचेपर्यंत फूल कोटावर राहिले तर आश्चर्य वाटावे. नाण्यावरच्या फुलाचीही पुढे जवळपास तीच गत झाली, एवढीच काय ती विषयाशी जुळणारी दुर्दैवी बाब.

गत अशी का झाली, हे समजण्यासाठी नाणे कसे घडते ते पाहावे लागेल. चित्राचा उठाव दोन ठशांमध्ये चकती दाबली जाताना, क्षणार्धात आणि प्रचंड दाबाखाली उमटतो. तो धातूचाच भाग असतो, म्हणून पन्नास वर्षे हाताळले तरी पुसट होतो, पण जात नाही. रंग मात्र त्यानंतरची स्वतंत्र पायरी आहे. पाडून झालेले नाणे ठरावीक दिशेने अचूक धरून त्याच्या ठरावीक जागी रंग द्यायचा आणि तो टिकावा म्हणून वर संरक्षक लेप चढवायचा, हे काम कोट्यवधी वेळा करायचे असते. नाणे केसभर फिरलेले असले, तर रंग फुलाच्या रेषेत न बसता बाजूला सरकतो. माझ्याकडे २००४ ची तेवीस नाणी आहेत. त्यांतल्या चारांवर लाल रंग एका अंगाने पाकळीबाहेर गेला आहे आणि विरुद्ध अंगाला धातूची चंद्रकोरीसारखी पांढरी कड उघडी पडली आहे. भिंगातून हे सहज दिसते, नुसत्या डोळ्यांना फूल थोडे तिरळे वाटते इतकेच.

असा सरकलेला रंग हाच या नाण्यांतला खरा, टांकसाळीत जन्मलेला फरक. छटेतला फरक त्याहून फसवा आहे. काही फुले शेंदरी वाटतात, काही काळपट, गोठलेल्या रक्तासारखी. पण ही नाणी ओळीने मांडून पाहिल्यावर माझे मत असे झाले आहे, की बहुतेक काळपटपणा हा वरच्या लेपावर बसलेल्या हाताच्या मळाचा आहे आणि बहुतेक शेंदरीपणा लेप झिजून रंग पातळ झाल्याचा. वेगळ्या छटेसाठी वेगळी किंमत मागणाऱ्याला मी ती देणार नाही.

आता झीज. तेवीस नाणी मी झिजेच्या क्रमाने लावली आहेत आणि तो क्रम पाहण्यासारखा आहे. आधी फुलाच्या उंच भागावरचा, म्हणजे पाकळ्यांच्या कडांवरचा रंग जातो. मग मधले पट्टे विरतात. शेवटी खोलगट जागांत लाल ठिपके तेवढे उरतात आणि त्यांखाली रंग धरून ठेवण्यासाठी मुद्दाम ठेवलेला खडबडीत पृष्ठभाग उघडा पडतो. नाणे निकेलचा मुलामा दिलेल्या पोलादाचे आहे, वजन ४.४ ग्रॅम, व्यास सुमारे २४ मिलिमीटर. अशी कडक नाणी खिशात एकमेकांवर घासत असताना रंगाने तग धरावा ही अपेक्षाच जास्तीची होती. एक नाणे जीन्सच्या खिशातून धुलाई यंत्रातही जाऊन आले; त्याच्यावर फूल होते हे आता सांगावे लागते.

त्या संरक्षक लेपाने एकदा मोठीच करमणूक केली. कॅनडात येऊन गेलेल्या अमेरिकी लष्करी कंत्राटदारांना ही नाणी सापडली, त्यांवरचा पारदर्शक थर आणि त्याखालची जाळी पाहून त्यांना गुप्त हेरगिरीच्या सूक्ष्म तंत्राचा संशय आला, आणि तशा तक्रारी त्यांनी वर पाठवल्या. एकाला तर ते नाणे भाड्याच्या मोटारीतल्या पेल्याच्या खोबणीत मिळाले होते. २००७ च्या आरंभी अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या एका विभागाने कॅनेडियन नाण्यांत रेडिओ प्रक्षेपक बसवले जात असल्याचा इशारा अहवालात छापला, मग मागे घेतला, आणि मे महिन्यात असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने उघड केले की हे सारे पॉपीच्या पाव डॉलरवरून घडले होते. एखाद्या वस्तूची घडण इतकी नवी असावी की शेजारच्या देशाने तिची धास्ती घ्यावी, ही प्रशंसा टांकसाळीला जाहिरात देऊनही मिळाली नसती.

यानंतर मी ज्या मुद्द्यासाठी हे लिहायला घेतले, त्याकडे येतो. ‘रंग नसलेले नाणे’ हे शब्द या क्षेत्रात चार वेगवेगळ्या गोष्टींसाठी वापरले जातात आणि विक्रेत्यांचा सारा खेळ त्या चार गोष्टींची सरमिसळ करण्यावर चालतो. काही नाणी टांकसाळीनेच मुळात बिनरंगी काढली. काहींचा रंग वापरात झिजला. काहींचा कोणी मुद्दाम काढला. आणि फारच थोडी अशी, की रंगाच्या पायरीवरून ती चुकून तशीच पुढे सरकली. मोलाची फक्त ही शेवटची, आणि तीच सिद्ध करणे सर्वांत अवघड.

पहिला प्रकार ओळखण्यासाठी वर्ष पाहणे पुरेसे असते. २००४ चा पॉपी पाव डॉलर चलनासाठी रंगीतच निघाला. त्यामागून २००६ मध्ये आलेला, स्तनाच्या कर्करोगाविषयीच्या जागृतीसाठीचा गुलाबी फितीचा पाव डॉलरही रंगीतच. पण २०११ मध्ये वन्य जिवांच्या मालिकेत, म्हणजे रानगवा, बहिरी ससाणा आणि ऑर्का हा सागरी प्राणी यांच्या पाव डॉलरांत, टांकसाळीने प्रत्येक चित्राची रंगीत आणि बिनरंगी अशी दोन्ही रूपे चलनात सोडली. गव्यामागे हिरवे वर्तुळ, ससाण्यामागे पिवळे, ऑर्कामागे निळे, आणि जोडीला तेच चित्र नुसत्या धातूचे. ब्रिटन आणि अमेरिका यांच्यातल्या १८१२ च्या युद्धाच्या स्मरणार्थ २०१२ व २०१३ मध्ये आलेल्या ब्रॉक, टेकुमसे, द सालाबेरी आणि लॉरा सेकॉर्ड या त्या युद्धातल्या नामवंतांच्या नाण्यांत तसेच झाले. २०१५ मध्ये कॅनडाच्या ध्वजाच्या पन्नाशीनिमित्त काढलेला पाव डॉलर आणि त्याच वर्षीचा पॉपी पाव डॉलर यांचीही दोन दोन रूपे आहेत. म्हणजे २०१५ चा बिनरंगी पॉपी हाती आला तर ते अगदी नेहमीचे, हक्काचे नाणे आहे. २००४ चा आला तर त्याची चौकशी करावी लागते.

ही चौकशी न करता मी २००४ चे ‘रंग न चढलेले’ नाणे एका ऑनलाइन विक्रेत्याकडून चाळीस डॉलरला घेतले. छायाचित्रात ते लख्ख होते, वर्णनात ‘टांकसाळीतील चूक’ असे ठसठशीत लिहिले होते, आणि मी, ज्याने आयुष्यभर मंडईत कोथिंबिरीची जुडीसुद्धा चार बाजूंनी पाहून घेतली, त्याने भिंगाविना पैसे भरले. नाणे घरी आल्यावर दहापट भिंगाखाली धरले तेव्हा पाकळीच्या खोलगट कोपऱ्यांत लाल रंगाचे दोन कण स्पष्ट दिसले, आणि उरलेल्या नाण्याला मात्र वापराची चमक नव्हती, तर घासून-पुसून आणलेली एकसारखी मंद झाक होती. रंग द्रावणाने काढला होता. नखांचा रंग काढण्याच्या ॲसिटोनने हे घरच्या घरी होते. नंतर मी माझ्याच एका झिजक्या नाण्यावर करून पाहिले आणि कापसाच्या बोळ्यावर फूल उतरून आले. विक्रेत्याने पैसे परत केले नाहीत, त्याचे नाव मी लिहीत नाही, आणि ते नाणे आता शिकवणीची फी म्हणून डब्यात पहिल्या जागी ठेवले आहे.

त्या अनुभवातून जी तपासणी शिकलो ती अशी: नाण्याच्या इतर भागांची झीज आणि रंगाची अवस्था यांचा मेळ बसतो का, ते आधी पाहावे. राणीच्या गालावर आणि केसांवर झीज असेल आणि फूल गायब असेल, तर ते केवळ वापराने गेले आहे. राणी लख्ख आणि फूल गायब असेल तर संशय धरावा आणि खोलगट जागा भिंगाने एकेक करून शोधाव्यात. रंग खरोखर कधी चढलाच नसेल, तर तेथे एक कणही असता कामा नये, आणि नाण्याची मूळ झळाळी फुलाच्या जागेत आणि बाहेर एकाच जातीची असायला हवी. इतके करूनही खात्री होत नसेल तर नाण्याची किंमत पंचवीस सेंट समजावी. त्याच न्यायाने, ज्या वर्षी दोन्ही रूपे निघाली त्या वर्षीचे बिनरंगी नाणे ‘चूक’ म्हणून कोणी विकत असेल, तर त्याच्याशी बोलणेच संपवावे.

मालिकेतील इतर नाण्यांविषयी थोडक्यात. २००६ ची गुलाबी फीत कल्पना म्हणून चांगली असली तरी तिचा फिका गुलाबी रंग मळला की ओळखू येत नाही. माझ्याकडच्या पाचांपैकी तीन तपकिरी दिसतात. २००८ चा पॉपी पहिल्या महायुद्धाच्या समाप्तीच्या नव्वदीचा, २०१० चा दुसऱ्या महायुद्धाच्या समाप्तीच्या पासष्टीचा. दोन्ही पहिल्यापेक्षा बऱ्याच कमी संख्येने निघाले आणि सुट्या पैशांत आता क्वचितच दिसतात. २०१५ चा पॉपी मला सर्वांत आवडतो. ग्वेल्फमध्ये जन्मलेले लष्करी डॉक्टर जॉन मॅक्रे यांनी १९१५ मध्ये बेल्जियममधल्या ईप्रच्या रणभूमीवर लिहिलेल्या कवितेच्या शताब्दीचे हे नाणे. पॉपीचे फूल स्मरणाची खूण बनले ते त्याच कवितेमुळे. त्याच्या रंगीत आणि बिनरंगी रूपांची जोडी शेजारी ठेवली की एक गोष्ट ध्यानात येते, ती ही की उत्तम उठावाच्या चित्राला रंगाची गरज नसते. बिनरंगी रूप मला अधिक गंभीर वाटते, आणि विषय पाहता ते योग्यही आहे. घरात या मताला माझ्याशिवाय कोणाचे अनुमोदन नाही.

दोन डॉलरच्या नाण्यांत, ज्यांना येथे सगळे टूनी म्हणतात, टांकसाळीने रंगाचा वापर अधिक धीटपणे केला. २०१७ मध्ये कॅनडाच्या दीडशे वर्षांनिमित्त आलेल्या टूनीवर टिमोथी शिया यांच्या चित्रातले दोघे नावाडी होडी वल्हवत आहेत आणि त्यांच्या वर हिरव्या-निळ्या उत्तर ध्रुवप्रकाशाचे पट्टे आहेत. हे नाणे अंधारात चमकते, आणि अंधारात चमकणारे चलनातील ते जगातले पहिले नाणे. दिव्याखाली मिनिटभर धरून मग कपाटात डोकावून पाहण्याचा प्रयोग माझ्या नातवंडांनी इतक्या वेळा केला आहे, की कपाटाची कडी ढिली झाली. याचीही बिनरंगी जोडी आहे आणि तिलाही ‘प्रकाश न येणारे सदोष नाणे’ म्हणून विकायला मांडलेले मी पाहिले आहे. रंगाचे क्षेत्र मोठे असल्याने येथे झिजेचे व्रण अधिक उठून दिसतात. माझ्या एका नाण्यावर आकाशाच्या मधोमध धातूचा ओरखडा गेला आहे आणि तो उल्केसारखा दिसतो, एवढेच त्यातले समाधान.

याउलट, डिसेंबर २०२२ मध्ये राणी एलिझाबेथ यांच्या निधनानंतर आलेली काळ्या कड्याची टूनी हा रंगीत नाण्याच्या प्रश्नाला मिळालेला सर्वांत समंजस तोडगा मला वाटतो. दंडावर बांधायच्या शोकपट्टीची आठवण करून देणारे तिचे बाहेरचे कडे रंगवलेले नाही, तर त्यावर काळ्या निकेलचा मुलामा आहे. रंग सरकण्याचा प्रश्न नाही, फुलाचा रंग पाकळीबाहेर जाण्याचा प्रश्न नाही. खिशात फिरल्यावर त्याच्या कडा करड्या होतात, पण त्या नाण्याला शोभतात.

मेलबर्नहून भाच्याने पाठवलेली ऑस्ट्रेलियाची दोन डॉलरची नाणी तुलनेसाठी उपयोगी पडली. तेथे पहिले रंगीत चलनी नाणे २०१२ चे, तेही स्मरणदिनाचे आणि तेही लाल पॉपीचेच, पण संख्या केवळ ५,०३,०००. पुढच्या वर्षी राणीच्या राज्याभिषेकाच्या साठीनिमित्त जांभळ्या कड्याचे नाणे आले. पॉपीच्या नाण्यांची संख्या कमी असल्यामुळे तेथे चांगल्या स्थितीतल्या त्या पहिल्या नाण्याला खरेच भाव आहे, आणि म्हणून रंग पुसलेले की न चढलेले हा वादही अधिक तीव्र आहे. तपासणीची रीत मात्र तीच लागू पडते.

पुण्याला गेलो की नातेवाईक विचारतात, आपल्याकडे असे का नाही. भारतात चलनातील स्मारक नाण्यांची परंपरा भरगच्च आहे, मुंबईच्या टांकसाळीची पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराची खूण असलेली कितीतरी नाणी मी लहानपणी जमवली. पण रंग त्यांवर नाही. २०२२ मध्ये स्वातंत्र्याच्या अमृत महोत्सवाचे रंगीबेरंगी बोधचिन्ह एक रुपयापासून वीस रुपयांपर्यंतच्या नाण्यांवर आले, तेही नुसत्या धातूच्या उठावात, आणि दृष्टिहीनांना ओळखता यावे असे. भाजीवाल्याच्या ओल्या हातांतून, बसवाहकाच्या पिशवीतून आणि देवळाच्या दानपेटीतून जाणाऱ्या नाण्यावर रंग किती दिवस टिकला असता, याचा अंदाज माझ्या तेवीस नाण्यांवरून करता येतो. ज्या ‘रंगीत’ भारतीय किंवा अमेरिकी चलनी नाण्यांचे संच संकेतस्थळांवर विकायला असतात, ते खासगी व्यावसायिकांनी नंतर रंगवलेले असतात. अमेरिकेच्या पन्नास राज्यांच्या पाव डॉलरांचे असे रंगवलेले संच मला अनेकदा दाखवले गेले आहेत. अमेरिकेच्या टांकसाळीने ती नाणी रंगवलेली नाहीत, आणि संग्राहकाच्या दृष्टीने असे नाणे बिघडवलेले असते.

घ्यावे की न घ्यावे, तर माझा निवाडा असा. कॅनडात राहणाऱ्याने २००४ चा पॉपी सुट्या पैशांतून मिळेपर्यंत थांबावे, तो मिळतो. लख्ख स्थितीतला हवा असेल तर टांकसाळीच्या मूळ वेष्टनातला घ्यावा आणि दर्शनी किमतीपेक्षा काही डॉलर अधिक द्यावेत, त्याहून जास्त नाही. २०१५ ची पॉपीची जोडी आणि २०१७ ची चमकणारी टूनी या दोन गोष्टी भेट म्हणून भारतात नेण्याजोग्या आहेत, आणि मी नेल्या आहेत. सरकलेल्या रंगाची नाणी गंमत म्हणून जमवावीत. त्यांसाठी जादा पैसे देण्याआधी आपल्याच डब्यात चार सापडतात का पाहावे, बहुधा सापडतात. ठेवताना मात्र काळजी हवी: मऊ, वासाच्या प्लास्टिकच्या पिशव्या टाळाव्यात, कारण पीव्हीसीमुळे नाण्यावर हिरवट चिकटा येतो, कडक गोल डबी किंवा कागदी चौकट वापरावी, नाणे कडेने धरावे, आणि रंगीत नाणे कोणत्याही द्रावणाने, साबणाने किंवा चिंचेच्या कोळाने धुऊ नये. चिंचेचा प्रयोग माझ्या आत्याने केला होता, पितळी समईवर जसा करतात तसा, आणि फूल गेले.